कलिंगाचा आकडा आणि पिंकरांचा आलेख

साधारण दहा वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत मी ‘माणूस सुधारतो आहे का?’ या विषयावर बोललो होतो. स्टीव्हन पिंकर यांचे ‘द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर’ हे २०११ सालचे जाडजूड पुस्तक तेव्हा डोक्यात ताजे होते. त्यातले आलेख मी पडद्यावर दाखवले. डावीकडे प्राचीन समाजांचे उंच खांब, उजवीकडे विसाव्या शतकाचा बुटका खांब. दोन महायुद्धे, हिरोशिमा, छळछावण्या हे सगळे त्या बुटक्या खांबात मावलेले पाहून सभागृह चकित झाले, आणि खरे सांगायचे तर श्रोत्यांना चकित केल्याचे समाधान मलाही झाले.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एक वयस्क बाई उभ्या राहिल्या. त्यांचे बालपण सिंधमध्ये गेले होते. फाळणीनंतर कुटुंब कल्याणजवळच्या छावणीत आले. त्या म्हणाल्या, “सर, आमच्या घरातलं कोणी मारलं गेलं नाही. सगळे जिवंत आले. मग या खांबांत आम्ही कुठे आहोत?” मी काहीतरी उत्तर दिले. हा आलेख फक्त मृत्यूंचा आहे, बाकीच्या गोष्टींचे मोजमाप वेगळे, असे काहीसे. त्या “बरं” म्हणून खाली बसल्या. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते किती अपुरे होते हे कळायला मला पुढची काही वर्षे लागली. त्या व्याख्यानातली काही विधाने मला आज मागे घ्यायची आहेत, काही मात्र नाहीत.

आधी पिंकर यांच्या बाजूने बोलायला हवे, कारण त्यांच्यावर टीका करणारे बरेच लोक पुस्तक न वाचताच टीका करतात. त्यांचा मूळ मुद्दा असा, की किती माणसे मारली गेली हे पाहू नका, जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला हिंसक मृत्यू येण्याची शक्यता किती होती हे पहा. विसाव्या शतकात मेलेल्यांची संख्या अफाट दिसते कारण माणसांचीच संख्या अफाट होती. प्रागैतिहासिक दफनस्थळांतल्या सांगाड्यांवरून पिंकर सरासरी काढतात ती सुमारे १५ टक्के हिंसक मृत्यूंची. विसाव्या शतकात युद्धे, वंशसंहार आणि राज्यकर्त्यांनी घडवलेले दुष्काळ धरूनही आकडा ३ टक्क्यांच्या आसपास येतो. राज्यसंस्था आली, कायदा आला, व्यापार वाढला, वाचन वाढले, आणि माणसाचा हात हळूहळू खाली आला, असे हे कथन आहे.

यातला एक भाग भक्कम आहे आणि तो मी सोडणार नाही. पश्चिम युरोपात तेराव्या-चौदाव्या शतकापासूनच्या मृत्यूचौकशीच्या नोंदी टिकून आहेत. इंग्लंडमध्ये कोणाचाही संशयास्पद मृत्यू झाला की राजाचा अधिकारी चौकशी करून नोंद करी. त्या दप्तरांवरून मान्युएल आइस्नर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की त्या काळात दर लाख माणसांमागे वर्षाला वीसेक खून होत, आणि विसाव्या शतकापर्यंत हे प्रमाण एकाच्या आसपास आले. दारूच्या गुत्त्यात सुरा काढणे, बांधावरून कुऱ्हाड चालवणे हे तिथे खरोखर कमी झाले. दप्तर एकाच प्रकारचे, प्रदेश तोच, मोजणी सलग. अशा ठिकाणी तुलना करता येते.

अडचण सुरू होते ती दप्तर संपते तिथून मागे. तिथे दोनच साक्षीदार उरतात: हाडे आणि राजे. दोघेही आपल्या मनातले काही सांगत नाहीत. हाडे बोलत नाहीत म्हणून, आणि राजे फार बोलतात म्हणून.

हाडांचे पाहू. पिंकर यांच्या आलेखात सर्वात उंच खांब आहे तो अमेरिकेतल्या साउथ डकोटामधील क्रो क्रीक या स्थळाचा, सुमारे ६० टक्क्यांचा. हे स्थळ म्हणजे चौदाव्या शतकातल्या एका कत्तलीनंतर सुमारे पाचशे प्रेते जिथे एकत्र पडली तो खड्डा. कत्तलीच्या खड्ड्यात हिंसक मृत्यूंचे प्रमाण जास्त निघाले तर त्यात नवल ते काय? उद्या कोणी स्रेब्रेनित्साच्या सामूहिक थडग्यांवरून विसाव्या शतकातल्या युरोपची टक्केवारी काढली तर आपण ती मान्य करू का? मानववंशशास्त्रज्ञ ब्रायन फर्ग्युसन यांनी २०१३ साली ही यादी एकेक स्थळ घेऊन तपासली. काही स्थळे वेगवेगळ्या नावांनी दोनदा आलेली निघाली, काही ठिकाणी सांगाड्यांची संख्या इतकी थोडी की एक माणूस इकडचा तिकडे झाला की टक्केवारी उलटीपालटी व्हावी. शिवाय ज्या उत्खननांत हिंसेच्या खुणा सापडल्या त्यांचीच चर्चा होते. जिथे माणसे म्हातारी होऊन खोकून मेली ती दफनस्थळे यादीत येतच नाहीत.

या यादीत भारतातले एक स्थळ आहे, आणि ते पाहून मी व्याख्यानाच्या वेळी उगीच खूश झालो होतो. उत्तर प्रदेशातल्या प्रतापगड जिल्ह्यातले सराय नाहर राय. अलाहाबाद विद्यापीठाच्या जी. आर. शर्मांनी ते १९७०च्या दशकात खणले. गंगेच्या मैदानातल्या मध्याश्मयुगीन शिकारी लोकांची ती वस्ती. काही सांगाड्यांत दगडाची सूक्ष्मास्त्रे हाडांत रुतलेली सापडली. म्हणजे कोणीतरी कोणालातरी बाण मारला होता, हे नक्की. पण तिथे सांगाडे मूठभर. त्यातल्या दोनचारांवरून सबंध भारतीय उपखंडाच्या प्रागितिहासाचा खांब उभा राहतो, आणि तो शेजारच्या युक्रेनच्या किंवा डेन्मार्कच्या खांबाइतकाच ठाम दिसतो. आलेखाची हीच गंमत आहे. त्यात सगळ्या खांबांची शाई सारखीच काळी असते.

हाडांवरून गोष्ट रचण्याची सवय काही पिंकर यांनी लावलेली नाही. मोहेंजोदडोचे उदाहरण आपल्या घरचेच. तिथे १९२०च्या दशकापासून चाललेल्या उत्खननांत गल्ल्यांमध्ये आणि खोल्यांमध्ये तीसचाळीस सांगाडे अस्ताव्यस्त सापडले. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ साली त्यावरून शेवटची कत्तल झाल्याचे चित्र रंगवले आणि ऋग्वेदातल्या पुरंदर इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. व्हीलर लष्करातले ब्रिगेडियर, नुकतेच महायुद्धावरून आलेले, आणि लिहीत होते ते वर्ष फाळणीचे. डोळ्यांसमोर जे होते तेच त्यांना मातीखाली दिसले असावे, असे मला वाटते. याला पुरावा नाही, पण विचार करण्यासारखे आहे. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी ही कत्तल काल्पनिक ठरवली. सांगाडे एका थरातले नव्हते, बालेकिल्ल्यात एकही नव्हता, जवळपास युद्धाच्या खुणा नव्हत्या. केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली तेव्हा जखमा अगदी एकदोन कवट्यांवर आढळल्या, आणि त्यांतलीही एक भरून आलेली.

मग लंबक उलट दिशेला गेला. सिंधू संस्कृती म्हणजे शांततेचे माहेरघर, राजा नाही, सैन्य नाही, युद्धाचे एक चित्र नाही, असे आपण पाठ्यपुस्तकांत शिकवू लागलो. २०१२ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हडप्पा येथील कवट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला तो या कल्पनेला छेद देणारा होता. कवट्यांवर मारहाणीच्या जखमा होत्या, आणि त्या सरसकट नव्हत्या. कोणत्या भागात पुरले, बाई की पुरुष, कोणत्या समूहातले, यांवर जखमांचे प्रमाण बदलत होते. म्हणजे बाहेरून आलेला इंद्र नव्हे, तर गावातलाच कोणीतरी कोणावर तरी हात उचलत होता, आणि तो कोणावर उचलायचा हे ठरलेले होते. कत्तलीपेक्षा ही माहिती मला अधिक ओळखीची वाटते. पण ती ‘इतके टक्के मृत्यू’ या रकान्यात बसत नाही, कारण डोक्यावर घाव सोसून ती माणसे कितीतरी वर्षे जगलेली असू शकतात.

आता राजांकडे वळण्याआधी एक चिनी आकडा. पिंकर यांनी इतिहासातल्या महासंहारांची एक क्रमवारी दिली आहे. त्यात मृतांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवून मांडली आहे. या हिशेबाने दुसरे महायुद्ध नवव्या क्रमांकावर घसरते, आणि पहिला क्रमांक मिळतो तो आठव्या शतकातल्या आन लुशानच्या बंडाला. मृत ३ कोटी ६० लाख. आजच्या भाषेत ४२ कोटी ९० लाख. हा आकडा आला कुठून? तांग राजवटीची ७५५ सालची शिरगणती सुमारे ५ कोटी २९ लाख दाखवते आणि ७६४ सालची सुमारे १ कोटी ६९ लाख. वजाबाकी केली की झाले. पण बंडात काय काय मोडले? कारकून पळाले, प्रांत दरबाराच्या हातून गेले, शेतकरी करातून सुटण्यासाठी नोंदीबाहेर राहिले. ७६४ साली कमी झाली ती माणसे किती आणि मोजणारे हात किती, हे त्या वजाबाकीत वेगळे काढता येत नाही. हा आकडा वादग्रस्त आहे हे पिंकर यांनी तळटीपेत नोंदवले आहे. तळटीपेत. क्रमवारी मात्र मुख्य मजकुरात पहिल्या क्रमांकाने सुरू होते. मी व्याख्यानात क्रमवारी सांगितली, तळटीप सांगितली नाही. हे विधान मी मागे घेतो.

जवळचे उदाहरण घेतले म्हणजे या आकड्याची नाजूक तब्येत कळते. १९४७च्या फाळणीत किती माणसे मारली गेली? रेल्वे होती, तारखाते होते, जिल्हाधिकारी, वर्तमानपत्रे, दर दहा वर्षांची जनगणना होती. तरीही अंदाज २ लाखांपासून २० लाखांपर्यंत पसरलेले आहेत. दहापटीचा फरक. साक्षीदार आपल्यात असताना ही स्थिती, तर तांग कारकुनांच्या वजाबाकीवर एवढी मोठी इमारत कशी उभारायची?

आणि त्या बाईंचा प्रश्न इथेच येतो. फाळणीत घरे सोडावी लागलेल्यांची संख्या सव्वा ते दीड कोटी धरली जाते. पळवल्या गेलेल्या स्त्रियांचा सरकारी अंदाज भारतात सुमारे ५० हजार मुस्लिम आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू आणि शीख असा होता. यांतल्या बहुतेक जणी, बहुतेक जण जिवंत राहिले. हिंसक मृत्यूच्या आलेखात त्यांची उंची शून्य.

प्राचीन राजे मात्र ही माणसे मोजत. अ‍ॅसिरियाचा राजा सेनाखेरिब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहुदाच्या राज्यावर स्वारी केली. आपल्या वृत्तलेखात तो सांगतो, की तटबंदीची ४६ नगरे घेतली आणि २,००,१५० माणसे बाहेर काढून लुटीत धरली. लाखांच्या शेपटीला दीडशे चिकटवलेले पाहून प्रथम हसू येते. खोटे बोलताना सुटे पैसे सांगावेत, म्हणजे हिशेब खरा वाटतो, हे व्यापारी शहाणपण त्या कारकुनांनाही ठाऊक असावे. अनेक अभ्यासकांना हा आकडा फुगवलेला वाटतो. पण राजाने फुगवण्यासाठी निवडली ती हाकललेल्या माणसांची संख्या, हे लक्षात घ्या. निनवेच्या राजवाड्यातला लाखीश नगराच्या वेढ्याचा शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सुळावर चढवलेली माणसे आहेत, कातडी सोलली जाणारी माणसे आहेत, आणि त्यांच्या शेजारूनच बैलगाड्यांवर गाठोडी आणि मुले लादून निघालेली कुटुंबे आहेत. शिल्पकाराने गाडीतल्या बाया आणि पोरे काळजीने कोरली आहेत. दया म्हणून नव्हे. तो हिशेब आहे. ही माणसे राजाच्या शेतांवर, बांधकामांवर राबणार होती.

अ‍ॅसिरियन राजे क्रौर्याची जाहिरात करत आणि म्हणून ते क्रूर होते, असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणालो होतो. पण जाहिरात आणि कृत्य यांचे प्रमाण सारखे असेलच असे नाही. न लढताच पुढच्या नगराने दरवाजे उघडावेत म्हणून ती जाहिरात असे. आजचे राज्य नेमके उलट करते. ते कृत्य करते आणि जाहिरात टाळते. १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, आणि त्या बाँबचे नाव ‘लिटल बॉय’ होते. भिंतीवर कोरलेले क्रौर्य मोजून प्राचीनांना रानटी ठरवायचे आणि गोंडस नावांवरून स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घ्यायचे, यात मोजमापाची चूक आहे.

आता अशोक. या लेखाचे मूळ खरे तर इथे आहे, कारण तेरावा शिलालेख मी पूर्वी पाचपंचवीस वेळा वाचला होता, आणि त्या बाईंच्या प्रश्नानंतर तो पहिल्यांदा नीट वाचला.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २६० च्या सुमारास, अशोकाने कलिंग जिंकले. लेखात तीन आकडे येतात आणि त्यांचा क्रम पहा. पहिला आकडा मेलेल्यांचा नाही. पहिला आहे दीड लाखांचा, आणि तो तिथून नेल्या गेलेल्यांचा आहे. त्यानंतर एक लाख मारले गेलेले. त्यानंतर याच्या कित्येक पट मेलेले, म्हणजे उपासमार, रोग, वणवण यांनी संपलेले. ‘दीड’साठी शिलालेखात जो प्राकृत शब्द आहे, दियढ, तो आपल्या ‘दीड’चाच पूर्वज. नेलेल्यांसाठी शब्द आहे अपवुढ, वाहून नेलेला. पुरात काही वाहून जावे तसा.

आकडे गोल आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे खरे मानण्याची गरज नाही. लाख, दीड लाख ही कोणीही बसल्या जागी सांगेल अशी संख्या. शतकभर आपण त्यावरून वाद घातला, की कलिंगाची लोकसंख्या किती असेल आणि एवढे लोक मेले असतील का. वाद चुकीच्या जागी चालला होता, असे मला आता वाटते. महत्त्व आकड्यांना नाही, रकान्यांना आहे. हा राजा तीन रकाने करतो आणि त्यातला पहिला विस्थापितांना देतो. आणि तिथेच थांबत नाही. पुढे तो म्हणतो, की त्या देशात राहणाऱ्या ब्राह्मणांना, श्रमणांना, सद्वर्तनी गृहस्थांना इजा, मृत्यू किंवा प्रियजनांचा वियोग सोसावा लागतो. आणि ज्यांना स्वतःला काहीच झाले नाही त्यांच्याही मित्रांवर, ओळखीच्यांवर, सोबत्यांवर, नातेवाइकांवर संकट येते, म्हणून ती इजा त्यांचीही होते. म्हणजे चौथा रकाना: ज्यांना खरचटलेही नाही ते.

तेवीसशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात हिंसेची व्याख्या २०११ च्या पुस्तकापेक्षा रुंद आहे. मला हे सांगताना जपून बोलायला हवे. प्राचीन भारत किती थोर होता याचा हा पुरावा नाही. तसा वापर कोणी करू नये म्हणून पुढचे लगेच सांगतो.

हाच लेख पुढे अटवींकडे, म्हणजे राज्यातल्या वनवासी जमातींकडे वळतो. राजा त्यांना समजावतो, आणि जाता जाता बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यापाशी सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी लाज धरावी, नाहीतर मारले जातील. चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे. मृत्युदंड रद्द केलेला नाही. उपिंदर सिंग यांनी प्राचीन भारतातल्या राजकीय हिंसेवरच्या २०१७ च्या पुस्तकात हा ताण फार चांगला दाखवला आहे. अशोकाने हिंसा सोडली नाही, तिचे समर्थन करणे त्याला जड जाऊ लागले, असे मी माझ्या शब्दांत म्हणेन.

आणि सर्वात बोलकी गोष्ट जागेची. हा तेरावा लेख वायव्येला शाहबाजगढीला आहे, मानसेहऱ्याला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, दक्षिणेत येर्रागुडीला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, तो नाही. तिथे अकरा ते तेरा हे लेख गाळून दोन वेगळे लेख कोरले आहेत. त्यांत सर्व माणसे माझी मुले आहेत असे राजा सांगतो आणि अधिकाऱ्यांना बजावतो की कोणाला विनाकारण तुरुंगात टाकू नका, छळू नका. पश्चात्ताप जगाला सांगितला. ज्यांची माणसे गेली त्यांना सांगितला नाही. कदाचित त्यांना सांगण्याची गरज नव्हती, कदाचित सांगणे धोक्याचे होते. दुसरे मला अधिक शक्य वाटते. पुढे खारवेलासारखा कलिंगाचा राजा हाथीगुंफेत आपली लांबलचक प्रशस्ती कोरतो, त्यात नंद राजाचा उल्लेख आहे, मगधाला नमवल्याचा आहे, पण अशोकाचे नाव नाही. नेल्या गेलेल्या दीड लाखांचा कलिंगाच्या बाजूने एकही शब्द उरलेला नाही. जे उरले ते नेणाऱ्याचे.

आपल्याकडेही या लेखमालेचे तुकडे निघाले. सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ मध्ये नवव्याचा. त्यांतला एक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि त्याच इमारतीत अ‍ॅसिरियन राजवाड्यांतले शिल्पपटही आहेत. पुन्हा कधी त्या विषयावर बोलावे लागले तर श्रोत्यांना तिथेच घेऊन जाईन, पडदा लावणार नाही.

१९३५ साली धर्मानंद कोसंबींनी ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर एक महायुद्ध होऊन गेले होते आणि दुसरे येऊ घातले होते. त्यांनीही व्हीलरच्या आधीच इंद्राला दासांचा संहारक ठरवले होते, आणि वैदिक हिंसा विरुद्ध श्रमण अहिंसा अशी जी सरळ विभागणी ते करतात ती आज टिकणारी नाही. पण त्यांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे जी पिंकर यांच्या सातशे-आठशे पानांत मला सापडली नाही. कोसंबी अहिंसा एकटी मोजत नाहीत. पार्श्वनाथाच्या चातुर्यामात ती सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह यांच्यासोबत येते, आणि या चौघांना वेगळे केले की अहिंसा लंगडी होते असे त्यांचे म्हणणे. साठा करणाऱ्याला साठा राखावा लागतो, आणि राखायला दंड लागतो. विसावे शतक ३ टक्क्यांत बसवताना हा प्रश्न विचारलाच जात नाही, की उरलेले ९७ टक्के कोणाच्या बंदोबस्ताखाली शांतपणे मेले.

या प्रश्नासाठी दूर जायला नको, नाशिकला जावे. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीचा. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे ती गुणगान करते. त्याने शक, यवन, पह्लवांचा संहार केला. त्याने खखरात वंश ‘निरवसेस’ केला, काही शिल्लक ठेवले नाही. आणि त्याच दमात सांगते, की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेण्याची त्याला रुची नव्हती. आणखी, त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. इतिहासाच्या वर्गात आपण ही वाक्ये परस्परविरोधी म्हणून दाखवतो आणि मुले हसतात. मला ती आता विरोधी वाटत नाहीत. वंश निःशेष करणे हा पराक्रम, जीव न घेणे हा स्वभाव, आणि वर्ण जागच्या जागी ठेवणे ही शांतता. तिन्ही एकाच आईला एकाच मुलात अभिमानास्पद वाटतात. यांतली तिसरी गोष्ट कशी अमलात आणली, कोणाला कुठे अडवले, याचे एकही हाड कोणाला सापडणार नाही. आणि ती पुढे किती शतके चालली हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

खखरातांचे काय झाले याची एक मजेशीर साक्ष आहे. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपान राजाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला आहे. नहपानाचा चेहरा तसाच आहे, त्यावर सातवाहनांची चिन्हे. नाणी वितळवून टाकली नाहीत. तेवढी चांदी चालू राहिली.

आणि त्याच डोंगरात, बलश्रीच्या लेण्यापासून थोड्या अंतरावर, दहावे लेणे नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे आहे. त्याच्या दानांच्या याद्या तिथे ओळीने कोरल्या आहेत: गायी, नारळीची झाडे, नद्यांवरच्या नावा, भिक्षूंच्या चीवरांसाठी कोष्ट्यांच्या श्रेणीत व्याजाने ठेवलेली रक्कम. त्याची बायको, नहपानाची मुलगी दक्षमित्रा, हिने दिलेल्या खोलीवर तिचे नाव आहे. निःशेष केलेल्या घराण्यातल्या या मुलीचे नाव कोणी छिन्नीने खरवडलेले नाही. पायऱ्या चढून गेले तर दोन्ही लेख एका सकाळी पाहून होतात. फक्त दहाव्या लेण्याच्या ओवरीत उजेड असेल तेव्हा जावे.